गिरिधर ढोबळेचा सत्कार

गिरिधर ढोबळेची लँडमास्टर काटोल रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीची होती. गाडी जुनी, कुण्या डॉक्टरनं वापरून विकलेली, पण गिरिधरनं ती नव्यासारखी ठेवली होती. नागपूरला लागून असलेल्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको शामला राहत. सकाळी ट्रकांची धूळ उठायच्या आत तो गाडी पुसून घ्यायचा, काचेला आतून जुनं धोतर फिरवायचा आणि शहरातल्या स्टँडवर जाऊन काटोलच्या सवाऱ्या भरायचा. संत्र्याचे व्यापारी, कचेरीची कामं घेऊन आलेले शेतकरी, रामदासपेठेच्या दवाखान्यात कुणाला भेटायला निघालेले नातेवाईक, असे सगळे त्याच्या गाडीत असत. सवारीला तो थेट दारापर्यंत सोडायचा. म्हाताऱ्या बायांची गाठोडी स्वतः उतरवून द्यायचा. आपली गाडी आजवर वाटेत बंद पडली नाही, हे तो अधूनमधून सांगायचा, आणि ते खरंही होतं.

अडुसष्ट सालच्या दिवाळीच्या सुमाराला त्याला मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. त्यानं बोट लावून वास घेतला. ब्रेकचं तेल होतं.

वाडीतच वसंत रामटेके नावाचा मिस्त्री होता. सरकारी वर्कशॉपमध्ये शिकलेला, टिनाची शेड टाकून बसलेला, कामापुरतं बोलणारा. दोघं एका वयाचे, एकमेकांना नावानं हाक मारणारे. वसंत गाडीखाली शिरला, चाकामागे हात घालून पाहिलं आणि हात पुसत बाहेर आला.

"चाकातला सिलिंडर गळून राहिला. आतलं रबर गेलं असन. गाडी ठेवून जा."

"किती दिवस लागतीन?"

"उघडल्याबिगर काय सांगू? सिलिंडरच खराब झाला असन त नवा मागवा लागन."

"आता संत्रा सुरू झाला गा. सीझन होऊ दे, मंग आणतो."

"ब्रेक आहे थो, गिरिधर. भोंगा नाही."

"धरते ना ब्रेक. एकदा जास्तीचा दाबला की धरते."

वसंतनं त्याच्याकडे पाहिलं आणि चावी परत दिली.

त्या गाड्यांत चारही चाकांना तेल एकाच ठिकाणाहून जायचं. एका चाकाशी ते गळून गेलं, की चारही चाकांचा ब्रेक गेला. हे वसंतनं समजावून सांगायची गरज नव्हती. गिरिधरला ते पक्कं ठाऊक होतं. पण त्या वर्षी स्टँडवर एक नवी अँबेसेडर उभी राहायला लागली होती. गिरिधरची गाडी चार दिवस दिसली नसती तर त्याच्या रोजच्या सवाऱ्या तिच्यात बसल्या असत्या, आणि बसल्यावर त्यांना ती आवडली असती. शिवाय गाडी मिस्त्रीकडे पडली आहे हे लोकांना सांगायला लागलं असतं. त्याला तेच जास्त नको होतं.

मग त्यानं सीटखाली तेलाचा डबा ठेवला. रोज सकाळी पायाखालची रबरी चटई उचलायची, खालचं झाकण उघडायचं आणि गळालं तेवढं तेल भरायचं. सुरुवातीला डबा पुष्कळ दिवस पुरला. पुढे लवकर संपायला लागला. ब्रेक आधी दुसऱ्या दाबाला धरायचा, मग तिसऱ्या. गिरिधरच्या पायाला त्याची सवय झाली. थांबायचं ठिकाण दिसलं की पाय आपोआप आधीपासूनच दाबायला लागायचा.

शामलानं एकदा विचारलं, "काय ओतून राहिले जी तुम्ही गाडीत रोज?"

"तेल. जुनी गाडी आहे, मागते," तो म्हणाला.

तिला गाडीतलं काही कळत नव्हतं आणि नवऱ्याला सगळं कळतं अशी तिची समजूत होती.

जानेवारीतल्या एका सकाळी तो काटोलहून निघाला. शेजारच्या सीटवर फळबाजारातले व्यापारी गणपतराव काळमेघ होते. मागे दाटीवाटीनं बसलेल्या सवाऱ्यांत दाराशी जिजाबाई होती. काटोलजवळच्या खेड्यातली, साठीला आलेली बाई. रामदासपेठेच्या दवाखान्यात तिची लेक बाळंत झाली होती. लेकीसाठी डिंकाचे लाडू भरलेला पत्र्याचा डबा तिनं मांडीवर धरला होता. वाटेत एकदोघांनी डबा खाली ठेवायला सांगितलं, पण खाली पाय लागतात म्हणून तिनं तो ठेवला नाही.

अर्ध्या वाटेवर रस्ता उतरत जातो आणि उताराच्या पायथ्याशी रेल्वेचं फाटक लागतं. त्या दिवशी फाटक बंद होतं. फाटकाशी दोन बैलगाड्या आणि सायकलवाले उभे होते. गिरिधरनं नेहमीप्रमाणे लांबूनच ब्रेक दाबला. पायाखाली काहीच लागलं नाही. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ब्रेक फळीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

पुढचं त्याच्या हातांनी केलं. त्यानं गिअर खाली ओढला. गाडीला हिसका बसला, पण उतारानं तिला पुढेच नेलं. हँडब्रेक खेचला तेव्हा मागचं एक चाक ओरडलं आणि दुसरं, तेलानं भिजलेलं, तसंच फिरत राहिलं. गाडी तिरपी व्हायला लागली. फाटकाशी बसलेला एक माणूस उठून उभा राहिलेला गिरिधरला दिसला. डाव्या हाताला रस्त्याच्या कामासाठी मुरमाचे ढीग टाकले होते. त्यानं स्टिअरिंग तिकडे फिरवलं. गाडी पहिल्या ढिगाला घासत गेली आणि दुसऱ्या ढिगात नाक खुपसून एका अंगावर कलून थांबली.

सगळे जिवंत होते. खरचटलं होतं, कुणाच्या ओठातून रक्त येत होतं. जिजाबाईनं धक्क्याच्या वेळी डबा सोडला नाही, दाराला धरलं नाही, आणि तिचं मनगट मोडलं. लाडू मुरमात सांडले होते. ती रस्त्याच्या कडेला बसून आधी लाडवांकडे पाहत होती आणि मग हाताकडे.

गिरिधर तिच्यासमोर उकिडवा बसला. तिनं चांगला हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"घाबरू नको बाबू. तुह्यामुळं वाचलो आम्ही."

गणपतरावांनी फाटकाशी जमलेल्या लोकांना सगळं सांगायला सुरुवात केली होती. मी शेजारी बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं, ब्रेक तुटला पण या माणसानं डोकं हरवू दिलं नाही, वगैरे. गिरिधर शेवटपर्यंत ब्रेक दाबत होता, हेही त्यांनी पाहिलं होतं. तो कधीपासून दाबत होता, हे मात्र त्यांना कळलं नव्हतं.

गाडी एका ट्रकला बांधून वाडीला आली आणि वसंतच्या शेडमध्ये उभी राहिली. पुढचा पत्रा चेपला होता, त्यामुळे आधी पत्र्याचं काम करणारा माणूस येईपर्यंत ती तशीच पडून होती. वसंत त्या काळात गिरिधरला भेटायला आला नाही. गिरिधरही शेडकडे फिरकला नाही.

दरम्यान काटोलला बातमी गेली आणि फिरत फिरत मोठी झाली. फाटकात आगगाडी येत होती असंही लोक सांगायला लागले. एका सकाळी बाजारातला हमाल निरोप घेऊन आला, की रविवारी फळबाजारात गिरिधरभाऊंचा सत्कार आहे आणि वहिनींनाही आणायचं आहे.

"मी नाही जात," गिरिधर म्हणाला.

शामलाला हसू आलं. "काहून? लोकं मान देऊन राहिले अन् तुम्हाले लाज वाटते."

तिनं त्याचा पांढरा सदरा धुऊन, निळीत बुडवून वाळत घातला. त्याच वेळी तो तिला सांगू शकला असता. ती दोरीवर सदऱ्याच्या बाह्या ताणून सरळ करत होती आणि गुणगुणत होती. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

सत्कार लिलावाच्या ओट्यावर झाला. एका बाजूला संत्र्यांचे ढीग, बसायला पेट्या उलट्या मांडलेल्या. गणपतरावांनी भाषण केलं. नारळ दिला, अंगावर शाल घातली. समोरच्या रांगेत जिजाबाई गळ्यातल्या झोळीत हात अडकवून बसली होती, हाताला पांढरं प्लॅस्टर. तिच्या शेजारी तिचा मुलगा गोविंदा. गिरिधरला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला. शाल मानेला टोचत होती. "मी काही केलं नाही," एवढं तो म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर जिजाबाईनं त्याला जवळ बोलावलं आणि डाव्या हातानं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "हे प्लॅस्टर काढाले नागपूरले जा लागते," ती म्हणाली. "मी एसटीनं नाही जात बाबू. तुहीच गाडी घेऊन येजो."

शामला हे पाहत होती. परत येताना एसटीत तिनं शाल स्वतःच्या मांडीवर घडी करून ठेवली होती आणि मधूनमधून तिच्या काठावरून बोट फिरवत होती. गिरिधर खिडकीबाहेर पाहत बसला.

दुसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला. पत्र्याचं काम झालं होतं. वसंत गाडीच्या मागे जॅक लावत होता.

"मी बसतो जवळ," गिरिधर म्हणाला.

"बस."

वसंतनं चाक काढलं, मग त्यामागचा लोखंडी ड्रम. ड्रम सहज निघाला नाही, लाकडाचा ठोकळा लावून ठोकावा लागला. आत सगळं काळं आणि ओलं होतं. ड्रमला आतून दाबून चाक धरणारे ब्रेकचे लायनर तेल पिऊन फुगले होते. तेलात धूळ बसून तिचा थर झाला होता, त्यावर पुन्हा तेल, पुन्हा धूळ, चुलीमागच्या भिंतीला चढतो तसा जाड. वसंतनं पेचकसानं तो खरवडला. मग सिलिंडर सोडवला. बोटाएवढं रबर आतून काढून हातावर ठेवलं. त्याची कड फाटली होती.

"एका दिवसात असं नाही होत," वसंत म्हणाला. एवढंच म्हणाला. मग बराच वेळ सिलिंडर आतून पुसत राहिला आणि खाली मान घालूनच बोलला, "चावी मी तुले परत द्याले नाही पाहिजे होती."

"तू काय करशीन त्याच्यात?"

"ठेवून घेतली असती. भांडला असता तू, दुसरं काय झालं असतं?"

गिरिधरला वाटलं, वसंतनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपल्या चुकीतला वाटा हा माणूस आपल्याकडे ओढून घेतो आहे हे त्याला सहन होईना.

नवा सिलिंडर वसंतनं आणून ठेवला होता. तो त्यानं बसवला, नवे लायनर चढवले, ड्रम लावला. आता नळ्यांतली हवा काढायची होती. गिरिधर ड्रायव्हरच्या जागी बसला. वसंत चाकामागे आडवा झाला, तिथल्या लहान तोंडाला रबरी नळी लावली आणि नळीचं दुसरं टोक तेलाच्या बाटलीत सोडलं.

"दाब," खालून आवाज आला. "धरून ठेव. सोड आता. पुन्हा दाब."

बाटलीत बुडबुडे येत होते. हे चाललं असताना शेडच्या तोंडाशी गोविंदा आला. हातात संत्र्यांची पिशवी होती. मायनं पाठवली, म्हणाला. गाडी कधी तयार होते तेही विचारायला सांगितलं होतं. गिरिधर उतरला. गोविंदा कुतूहलानं पुढे होऊन खाली पडलेलं सामान पाहायला लागला. त्याच्या शेतावर विहिरीचं इंजिन होतं, तेल आणि रबर त्यानं हाताळलं होतं. त्यानं जुना लायनर उचलला, अंगठ्यानं दाबला. तेल वर आलं. मग त्यानं खरवडून काढलेला थर पाहिला.

"हे कधीपासून गळून राहिलं होतं?" त्यानं वसंतला विचारलं.

वसंत गाडीखालून अर्धा बाहेर आला. "गाडी त्याची आहे. त्याले विचार."

गिरिधर म्हणाला, "दिवाळीपासून."

गोविंदानं लायनर खाली ठेवला. "म्हणजे माय बसली तवा तुले ठाऊक होतं."

"हो."

"अन् तरी बसवलं."

"हो."

गोविंदा रागीट माणूस नव्हता. तो बोट पुसायला काही शोधत होता, ते सापडलं नाही म्हणून त्यानं पायजम्यालाच पुसलं. जायला निघाला, पिशवी उचलली, मग पुन्हा जमिनीवर ठेवली.

"मायनं पाठवली म्हणून ठेवतो," तो म्हणाला. "तिले मी नाही सांगत. ती गावभर तुहं नाव घेऊन राहिली. तुले सांगाचं असन त तूच सांग."

तो गेल्यावर वसंतनं खालून म्हटलं, "दाब." गिरिधरनं पुन्हा गाडीत बसून ब्रेक दाबला. बुडबुडे थांबेपर्यंत दोघं तेच करत राहिले. शेवटी ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट लागला. त्या घट्टपणानं गिरिधरला रडू आलं. इतकं सोपं होतं ते.

त्या दिवशी त्यानं शामलाला सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली. तव्यावरची भाकर जळाली तरी तिनं उलटली नाही.

"मी विचारलं होतं तुम्हाले," ती म्हणाली.

"हो."

"मी सत्काराले नवं लुगडं नेसून आली होती." तिनं शाल पेटीतून काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. "हे माह्या घरात नको."

तो शाल घेऊन काटोलला गणपतरावांकडे गेला. गणपतरावांनी सगळं ऐकून घेतलं, उठून गाळ्याचं दार लोटलं आणि परत येऊन बसले.

"हे कोणाजवळ बोलू नको," ते म्हणाले. "बाजार कमिटीनं सत्कार केला. लोकं आम्हाले हसतीन. अन् मेलं कोणी? नाही ना. मंग काय बिघडलं? घेऊन जा थे शाल."

"मले नाही ठेववत गणपतराव."

"मंग कोण्या गरिबाले दे. पण इथं नको आणू."

त्यानं ती परतीच्या वाटेवर फाटकाशी राहणाऱ्या गेटमनच्या आईला दिली. तिनं का म्हणून विचारलं. थंडी आहे म्हणून, असं त्यानं सांगितलं.

प्लॅस्टर काढायच्या दिवशी तो जिजाबाईला आणायला तिच्या खेड्यात गेला. गोविंदा बरोबर आला नाही. दुसरी सवारी गिरिधरनं घेतली नव्हती. जिजाबाई पुढच्या सीटवर बसली आणि रस्ताभर बोलत राहिली, नातवाबद्दल, लेकीच्या सासूबद्दल. फाटकाचा उतार यायच्या आधी गिरिधरनं गाडी बाभळीखाली उभी केली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

त्यानं समोर पाहतच सांगितलं. तेल दिवाळीपासून गळत होतं, मिस्त्रीनं गाडी ठेवून जा म्हटलं होतं, मी ठेवली नाही. तुम्ही बसलात तेव्हा मला माहीत होतं. त्यानं 'पण' म्हणून पुढे काही जोडलं नाही. जोडायला काही नव्हतं.

जिजाबाईनं प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. बाहेर एक बैलगाडी जवळ आली आणि निघून गेली.

"त्या दिवशी मागं पोटुशी बाई होती एक," ती म्हणाली. "तिच्याकडं पाह्यलं होतं तू?"

"पाह्यलं होतं. मीच दार उघडून दिलं तिले."

तिनं समोरच्या उताराकडे पाहिलं. मग विचारलं, "आता बरोबर आहे ब्रेक?"

"आहे."

"मंग चाल. डॉक्टर उठून जाईन."

रामदासपेठेत त्यानं तिला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, बाहेर थांबला, परत आणून घरी सोडलं. अंगणात गोविंदा उभा होता. जिजाबाई उतरली आणि मुलाला म्हणाली, "ड्रायव्हरले पाणी दे." त्याआधी तिनं गिरिधरला बाबूशिवाय दुसरं काही म्हटलं नव्हतं. तो उभ्यानंच पाणी प्यायला आणि त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला.

ती पुढे त्याच्या गाडीत कधी बसली नाही, एसटीनं जायची. स्टँडवर दिसली तर मान हलवायची, कधी नातू कितवीत गेला ते सांगायची. वाईट बोलली नाही कधी. गावातही तिनं काही सांगितलं नाही असं दिसतं, कारण गिरिधरचं नाव काटोलच्या बाजारात चांगलंच राहिलं. नव्या सवारीला जुनी सवारी सांगायची, फाटकापाशी गाडी वाचवली तो हाच. गिरिधर म्हणायचा, "नाही जी, चूक माहीच होती. ब्रेक गळून राहिला होता, मी दुरुस्त नव्हता केला." लोक एकमेकांकडे पाहून हसायचे. माणूस किती साधा आहे, स्वतःची बढाई मारत नाही, असं म्हणायचे. काही वर्षांनी त्यानं ते सांगणं सोडून दिलं आणि तो विषय निघाला की भोंगा वाजवायला लागला.

शामला हळूहळू पूर्वीसारखी बोलायला लागली, पण गाडीचं काही असलं की ती वसंतला विचारून यायची. गिरिधरनं त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. गाडीत कुठं जरासा आवाज आला तरी तो ती शेडमध्ये नेऊन सोडायचा आणि दिवसभर घरी बसायचा. त्यात त्याच्या पुष्कळ सवाऱ्या अँबेसेडरकडे गेल्या.

ऐंशी साल उजाडता उजाडता त्यानं लँडमास्टर विकायला काढली. उमरेडकडचा एक माणूस पाहायला आला. गिरिधर त्याला गाडीभोवती फिरवत एकेक दोष सांगत गेला. पत्रा कुठं गंजला आहे, गिअर कोणत्या वेळी अडतो, पावसात पाणी कुठून येतं. मग त्यानं त्याला आत बसवून ब्रेक दाबून पाहायला लावला, आणि कोणत्या चाकाचा सिलिंडर बदलला आहे आणि का, तेही सांगितलं. माणूस चक्रावला.

"भाऊ, तुम्हाले गाडी विकाची आहे की नाही?"

"विकाची आहे," गिरिधर म्हणाला. "पण आधी सगळं ऐकून घ्या."